पहिलीचा प्रवेश आणि धर्माचा रकाना

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चिपळूणला राहतो. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं, हिंदू. नवरा दापोली तालुक्यातल्या कोकणी मुसलमान घरातला. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं. मुलगी साडेपाच वर्षांची आहे, जूनमध्ये पहिलीत जाईल. नवऱ्याचं म्हणणं, अठरा वर्षांची होईपर्यंत तिला कुठल्याच धर्माचं नाव द्यायचं नाही. मला भीती वाटते की मग ती कुणाचीच राहणार नाही. दोन्ही आज्या नाराज आहेत. अर्जात काय लिहू आणि घरात काय सांगू?"

ताई, माझं मत एका चुकीतून तयार झालं, म्हणून आधी ती चूक सांगते.

रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं पहिली-दुसरीला, बंदरांवरच्या आणि खाडीकाठच्या गावांत. २००८ च्या सुमारास अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली आणि याद्या घाईने मागवल्या गेल्या. मी पहिलीच्या वर्गात उभी राहून म्हणाले, "मुसलमान आणि बौद्ध मुलांनी हात वर करा." काही हात वर गेले, काही अर्धेच गेले. पुढच्या पट्टीवर बसलेल्या एका मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, मी कोण?" मी काही बोलायच्या आत त्याच्या शेजारच्याने सांगून टाकलं, "तू मुसलमान. हात वर कर." रोज खिचडीच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसणारी ही दोन पोरं त्या दुपारी वेगळी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र आली, पण ती एक दुपार मी आणली होती. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या धर्म-जातीची नोंद असलेली शाळेची वही, माझ्या टेबलावरच होतं. त्यातून यादी काढायला दहा मिनिटं लागली असती.

त्यानंतर मी कुठल्याही मुलाला वर्गात धर्माच्या नावाने हाक मारली नाही, आणि पालकांनाही तेच सांगत आले. तेव्हा तुमच्या मुलीला धर्माचं नाव चिकटवू नये, हे नवऱ्याचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र नाव न देणं म्हणजे काहीच न देणं, असा त्याचा अर्थ तुमच्या घरात घेतला जात असेल तर तिथे माझा विरोध आहे.

हर्णै बंदरात तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाच्या, पोराला कुणी तांडेल म्हणत नाही. तो तांडेलाचा मुलगा. तो बोटीवर खेळतो, जाळ्याची गाठ मारायला शिकतो, वारा कुठून फिरला ते बापाच्या तोंडून ऐकतो. सुकाणू हातात येईल त्या दिवशी त्याला तांडेल म्हणतील. किंवा तो मुंबईला नोकरीला जाईल आणि कधीच तांडेल होणार नाही. पण म्हणून त्याला लहानपणी किनाऱ्यावर येऊ देत नाहीत असं कुणी करत नाही. तुमची मुलगी हिंदू आईची आणि मुसलमान बापाची मुलगी आहे. हे आज खरं आहे आणि ते बोलायला हरकत नाही. ती स्वतः कोण, हे मात्र तिने अजून सांगितलेलं नाही.

या वयात मुलांना त्या शब्दांतून काय कळतं, तेही बघा. डेव्हिड एलकाइंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरांतल्या मुलांना साधे प्रश्न विचारले. त्यातला एक होता, कुत्रा किंवा मांजर कॅथलिक असू शकते का? पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या डोक्यात धर्म, देश, वंश यांचा एकच गोळा असतो, असं त्याला दिसलं. सात ते नऊच्या मुलांसाठी धर्म म्हणजे डोळ्यांना दिसणारी कृती: कोण कुठे जातं, काय खातं, काय घालतं. माणूस काय मानतो यावर धर्म ठरतो, हे दहा-बारा वर्षांच्या पुढे कळू लागतं. माझ्या वर्गातही हेच दिसायचं. पहिलीतला एक मुलगा म्हणाला होता, "मी मुसलमान नाय, मी रत्नागिरीचा." तिसरीतली मुलगी सांगायची, "ज्यांच्या घरी पालखी येते ते हिंदू." साडेपाचव्या वर्षी दिलेला शब्द मुलीला श्रद्धा देत नाही. तिला फक्त एवढंच कळतं की माणसं गाय आणि शेळीसारखी मुळातच वेगवेगळ्या जातीची असतात, आणि मोठेपणी ही समजूत निघता निघत नाही. नाव घाईने देऊ नका असं मी म्हणते ते यासाठी.

आता तुमच्या भीतीकडे येते, कारण ती रास्त आहे.

नावाशिवाय परंपरा टिकते का, याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, जुनी दफनभूमी आहे. फुटलेल्या गलबतातून सात जोडपी तिथे किनाऱ्याला लागली, अशी त्यांची परंपरेने आलेली कथा. कित्येक शतकं हे लोक रायगडच्या खेड्यांत तेलाचे घाणे चालवत राहिले. मराठी बोलले, गावावरून केहिमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावं घेतली. आपण ज्यू आहोत हा शब्दही त्यांच्याकडे उरला नव्हता. पण शनिवारी घाणा बंद असे, मुलांची सुंता होई, 'शेमा' ही एक प्रार्थना तोंडी राहिली होती. शेजारच्यांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. पुढे बाहेरून आलेल्या ज्यूंनी या खुणा ओळखल्या आणि जुना शब्द त्यांना परत मिळाला. अलिबागची इस्राएल आळी आणि १८४८ चं सिनेगॉग आजही बघता येतं. म्हणजे नाव हरवलं तरी घरातला रिवाज मुलांना धरून ठेवतो. गोष्ट इथेच संपत नाही. १९४८ नंतर यांतले हजारो लोक इस्राएलला गेले, तेव्हा तिथल्या धर्मपीठातल्या काहींनी यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. त्यासाठी त्यांना धरणं धरावं लागलं आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारने त्यांना पूर्ण बरोबरीने मान्य केलं. नाव नव्हतं तेव्हा ते घट्ट उभे होते. नाव दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर त्यांना पुरावे द्यावे लागले.

तुमच्या मुलीच्या बाबतीतही, तुम्ही नाव दिलं नाही तरी बाजार देईलच. तिचं नाव ऐकून एक जण, आडनाव ऐकून दुसरा. आपल्याकडे पारकर हिंदूही आहेत आणि मुसलमानही, त्यामुळे लोक पुढचा प्रश्न विचारतातच: "पारकर म्हणजे कुठले?" रकाना रिकामा ठेवायचा असेल तर मुलीच्या तोंडी उत्तर हवं.

हे मला मंडणगड तालुक्यातल्या एका आईने शिकवलं. आंबडवे, डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव, याच तालुक्यात. पालक सभेत मी मोठ्या उत्साहाने म्हणाले की लहान मुलांना धर्माची नावं लावू नयेत. सभा संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या पोराला नाव दिलं नाही तरी त्याला कोण नावं ठेवणार नाही. आमच्या पोराला आम्ही बौद्ध म्हटलं नाही तर गाव त्याला जुन्या नावाने हाक मारील." महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायला गेले, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी धम्म स्वीकारला. तिच्या सासऱ्यांनी तो शब्द मोठेपणी, जाणतेपणी निवडला होता आणि नातवाला छत्रीसारखा दिला होता. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. तेव्हापासून 'कुणीच नाव देऊ नये' असा नियम मी सांगत नाही. ज्या घराने नाव सोसून मिळवलं आहे, त्या घराने ते मुलाला द्यावं. ते का मिळवावं लागलं, तेही मूल मोठं होईल तसं सांगावं. तुमच्या घराचं तसं नाही. तुमच्याकडे दोन नावं आहेत आणि कुठलंही एक दिलं की मुलीच्या निम्म्या नातेवाइकांवर काट मारल्यासारखं होतं.

मग घरात काय करायचं? दोन्हीकडचं भरभरून द्यायचं, पण 'आपण अमुक आहोत' याऐवजी 'आपल्याकडे असं करतात' या भाषेत. गणपतीला गुहागरला जा, तिला माटवी बांधताना बघू दे, आरतीत टाळ वाजवू दे. ईदला दापोलीला जा, आजीच्या शेजारी बसून शीरखुर्म्यासाठी खजूर चिरू दे. सांदण दोन्ही घरांत आहे हे तिला दाखवा. एका आजीचं फणसाच्या रसाचं, दुसरीचं तांदूळ आणि नारळाचं. शब्द एक आणि पदार्थ दोन, हे मुलांना फार आवडतं. रत्नागिरीजवळ हातिसला बाबरशेख पिराचा उरूस भरतो, तिथे दोन्ही धर्मांचे लोक जातात. एकदा तिला घेऊन जा. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा खांद्यावर बसवून दाखवा. हे सगळं तिच्या अंगात मुरलं म्हणून उद्या तिची निवड हिरावली जात नाही. काहीच न पाहिलेल्या मुलीला निवडायला काय असणार?

नवऱ्याला वाटत असेल की एकदा अंगाला लागलं की सुटत नाही, तर त्यांना मिरजोळीची आठवण द्या. चिपळूणला लागूनच आहे. समाजसुधारक हमीद दलवाई तिथले. मुसलमान घरात, त्याच नावाने वाढले. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तलाकपीडित बायकांसाठी आयुष्य झिजवलं. १९७७ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता दहन झालं. घर आतून ओळखत होते म्हणूनच ते त्या घराशी इतक्या नेमकेपणाने भांडू शकले. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि ती आजूबाजूच्यांनी लावलेली होती. आईवडिलांनी आधीच 'तू काहीही ठरवलंस तरी आमचीच' असं म्हटलं तर ती किंमत निम्मी होते. हे वाक्य मुलीला बाराव्या वर्षाच्या आत ऐकू जावं.

दोन गोष्टींवर मात्र मी कडक राहीन. "तू आमची, त्यांची नाहीस" हे वाक्य दोन्ही घरांत बंद. आज्या बोलल्या तर तुम्ही सुनेने नाही, त्यांच्या लेकाने किंवा लेकीने सांगायचं. दापोलीला नवऱ्याने, गुहागरला तुम्ही. दुसरं म्हणजे भीती. पाप लागेल, देव कोपेल, आगीत जळशील, हे मुलीला सांगायचं नाही. दुसरीतली एक मुलगी मैत्रिणीच्या घरचं काही खाल्लं म्हणून दोन दिवस नीट जेवली नव्हती. कारण शोधायला मला आठवडा लागला. मुलांच्या मनात परंपरा गोडीने रुजते, धाकाने नुसती बसते आणि मग पोटात दुखत राहते.

मुलगी विचारेल, "देव खरंच आहे का?" प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलावं. "आजीला वाटतं आहे. बाबांना वाटत नाही. मला कधी वाटतं, कधी नाही. तू विचार कर." मोठ्यांची मतं वेगळी असूनही ती एका ताटावर जेवतात, हे तिने बघितलं तर बाकीचं तिला समजावावं लागत नाही. आणि शाळेतल्या मुलांना द्यायचं उत्तर तिच्याकडून पाठ करून घ्या, अगदी कवितेसारखं: "आईकडे गणपती, बाबांकडे ईद. मी दोघांची." सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. 'मी कोण' हे ज्या मुलाला माहीत नसतं त्याला शेजारचा सांगतो, हे मी पाहिलं आहे.

अठरा वर्षं हा आकडा मतदानासाठी ठीक आहे. मूल त्याच्या कितीतरी आधी ठरवायला लागतं. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये मान्य केला. त्याच्या १४ व्या कलमात मुलाचं विचारस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य आहे. आईवडिलांनी दिशा द्यावी, पण मुलाची समज वाढेल तशी, असंही तिथे आहे. तेराव्या वर्षी ती म्हणेल, "यंदा मी चार रोजे धरते," किंवा "मला हरतालिकेचा उपास नको." तब्येत सांभाळून दोन्ही करू द्या. ज्यातून मागे फिरता येतं ते सगळं करायला मोकळीक, आणि ज्यातून फिरता येत नाही ते ती जाणती होईपर्यंत नाही.

आता अर्ज. हे माझ्या रोजच्या कामातलं होतं, म्हणून जरा तपशिलाने सांगते. पहिलीच्या अर्जावर जे लिहाल ते जनरल रजिस्टरात उतरतं, आणि तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं: धर्म, जात, मातृभाषा. मूल शाळेत असताना नोंद दुरुस्त करायची तर पुरावे आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. शाळा सोडल्यावर तर फारच अवघड. म्हणून पहिल्या दिवशी नीट लिहा.

रकाना रिकामा किंवा 'नाही' ठेवायचा हक्क तुम्हाला आहे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. तीन अर्जदारांना राजपत्रात 'कोणताही धर्म नाही' अशी नोंद हवी होती आणि ती नाकारली गेली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांनी म्हटलं की आपला कोणताही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या २५ व्या कलमात येतो आणि सरकार कुणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने पक्का केला आहे. अर्जातला हा एक रकाना भरला नाही म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. लिपिक अडला तर भांडू नका, लेखी नकार मागा. बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

पण जातीचा विचार त्याच वेळी करा. तुमचं माहेर किंवा सासर आरक्षणाच्या यादीत असेल आणि मुलीला पुढे तो लाभ हवा असेल, तर जात पडताळणीत शाळेची जुनी नोंद फार महत्त्वाची ठरते. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाने धर्माशी बांधलेला आहे: हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात बापाचीच असं धरून चालता येत नाही, मूल कसं वाढलं ते बघावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आहे. रकाना रिकामा ठेवण्याचा आनंद घेताना मुलीचा हक्क हातातून जाऊ देऊ नका. कागद घेऊन वकिलाला एकदा भेटा.

वारशाची काळजी आज्यांना असेल तर ती बहुतेक मिटलेली आहे. विशेष विवाह कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे तुम्हा दोघांची मिळकत मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने जाईल. तिच्या दाखल्यावर काय लिहिलं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आजोबांच्या मिळकतीचं गणित वेगळं, ते त्यांच्या त्यांच्या कायद्याने.

शाळेबद्दल एक. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे घटनेचं २८ वं कलम सांगतं. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते असलं तरी पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. पण दसऱ्याला पाटीवर '१' च्या आकड्यांची सरस्वती काढायला सगळी मुलं बसली असतील तर तिला उठवून बाजूला घेऊ नका. माझ्या वर्गात ती सगळ्यांनी काढली आहे आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी डब्यातला शीरखुर्माही सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला आहे. वर्गातून एकटं उठवलं जाणं मुलाला फार लागतं.

प्रवेशाला दोघंही जा, मुलीलाही न्या. जन्माचा दाखला न्या, त्यावर धर्म छापलेला नसतो. धर्माच्या रकान्यात तुमच्या हाताने आडवी रेघ मारा आणि शेजारी आद्याक्षरं घाला, म्हणजे नंतर कुणी त्यात काही भरणार नाही. मग रजिस्टरात काय उतरवलं ते बघायला मागा. घाईच्या दिवशी लिपिक आडनाव बघून सवयीने लिहून टाकतात, माझ्याही शाळेत टाकलं आहे. शाई ओली असतानाच वाचा.